बारावी सुई

सुई हरवणं ही काही बातमी नव्हे, हे मला मान्य आहे. गेल्या आठवड्यात ते मला इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी मान डोलवणंही सोडून दिलं. पण सुई हरवली कुठे, हे कुणी विचारतच नव्हतं. ती बाळाच्या गोधडीत हरवली होती. वरचा कापडाचा थर, मधला थर आणि खालचा थर, या तिघांच्या मध्ये कुठेतरी आडवी पडून ती चार दिवसांच्या माझ्या नातीची वाट बघत होती. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

मी गोधड्या शिवते. छंद म्हणून नव्हे. छंद हा शब्द पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांनी वापरावा. मी सकाळी दहा ते साडेपाच एका सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर बसते, पण ते पोटासाठी. खरं आयुष्य साडेपाचनंतर सुरू होतं. आमच्या घरात माणसं दोन आणि गोधड्या एकवीस आहेत. आमचे हे म्हणतात, लोकांच्या घरी झोपल्यावर अंगावर गोधडी येते, आमच्याकडे कपाट उघडल्यावर येते. त्यांना बोलायला काय जातं! नवीन जुळवलेल्या तुकड्यांवरून पहिल्यांदा हात फिरवताना काय वाटतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. साहेब माझ्यावर चिडलेले असतात तेव्हासुद्धा माझं लक्ष त्यांच्या निळ्या चौकडीच्या शर्टाकडे असतं. कॉलर विरत आली आहे. आणखी वर्षभर, फार तर दीड वर्ष.

माझं एकच दुःख होतं. आजवर मी इतक्या गोधड्या वाटल्या, पण मागितली कुणीच नव्हती. लोक "अय्या, किती छान" म्हणून घेतात आणि पुढच्या खेपेला आपण गेलो की ती इस्त्रीच्या टेबलावर दिसते. माझ्या नणंदेकडे तर तिचा कुत्रा माझ्या गोधडीवर झोपतो. एकशे चाळीस तुकडे आहेत त्यात. नणंद म्हणते, "वहिनी, त्याला दुसरं काही चालतच नाही." ही तारीफ समजायची की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग सुनेनं मागितली.

सून आणि मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. सून स्वभावाने चांगली, पण मोजकं बोलणारी. चार वर्षांत तिने मला "हो आई", "नको आई" आणि "बघते आई" याच्यापलीकडे काही ऐकवलेलं नव्हतं. भांडणही नाही. भांडण असतं तर निदान काही बोलणं झालं असतं. तर एका रविवारी निघताना, चपला घालता घालता ती म्हणाली, "आई, बाळासाठी एक गोधडी शिवाल का? छोटीशी." मला भरून आलं. मी "बघते" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तीन महिने मी त्या गोधडीवर खपले. घरातलं सगळ्यात मऊ कापड म्हणजे यांचा पंधरा वर्षांचा पायजमा. तो त्यांच्या अंगावरच होता, पण आंघोळीला गेले तेव्हा बाहेर राहिला. मधल्या थराला एक म्हातारी चादर. टाके इतके बारीक की बाळाचं नखसुद्धा अडकू नये. आता माझी कामाची पद्धत सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. चष्म्यातूनही मला नेढं धड दिसत नाही, म्हणून दर रविवारी दुपारी खिडकीतल्या उन्हात बसून मी बारा सुयांमध्ये एकदम दोरा ओवून ठेवते आणि त्या डब्यातल्या एका छोट्या उशीत टोचून ठेवते. एकीचा दोरा संपला की दुसरी. रोज काम आवरताना सुया मोजायच्या. बारा भरल्या की झाकण. वीस वर्षांत यात खंड नाही. तापाने फणफणलेली असतानाही मी सुया मोजल्या आहेत.

मंगळवारी सकाळी बाळ झालं. मुलगी. आम्ही दोघं दवाखान्यात जाऊन काचेतून बघून आलो. सिझेरियन असल्यामुळे घरी सोडणार शनिवारी. त्याच संध्याकाळी मी शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा कापला, गोधडी पलंगावर पसरून मनसोक्त बघितली आणि सुया मोजायला घेतल्या.

अकरा.

पुन्हा मोजल्या. मोठ्याने मोजल्या. यांच्याकडून मोजून घेतल्या. "अकरा," हे म्हणाले, "मग काय झालं? सुई ती केवढी!" केवढी म्हणूनच तर! पातेलं हरवलं असतं तर गोधडीत गेलं असेल अशी शंका मी घेतली नसती. आम्ही घर पालथं घातलं. हे बिचारे बॅटरी घेऊन पलंगाखाली सरपटत गेले आणि शिंकत बाहेर आले. सुई नव्हती. म्हणजे ती कुठे होती, हे उघड होतं.

बुधवारी सकाळी दूध घेताना मी हे समोरच्या काकूंजवळ बोलले, ही माझी चूक. समोरच्या काकूंकडे प्रत्येक संकटाला जोड म्हणून एक नातेवाईक असतो. "अगं बाई!" त्या म्हणाल्या. "माझ्या मावसबहिणीच्या जावेच्या तळपायात सुई गेली होती. बारा वर्षांनी खांद्यातून निघाली! सुई एका जागी थांबत नाही, चालत राहते." मी म्हटलं, काकू, गोधडीला रक्त नसतं. "तेच तर," काकू म्हणाल्या, "आता ती कुठूनही निघेल."

काकूंनी ते तळमजल्यावर पोचवलं. तिथे पानासाहेब राहतात. निवृत्त इंजिनिअर आहेत आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक पाना असतो, म्हणून सगळे त्यांना पानासाहेब म्हणतात. दुपारी कचेरीतून मी अर्धी रजा टाकून आले तर हे दार उघडून उभे, आणि पानासाहेब आत. हातात जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं वाटीएवढं लोहचुंबक.

"वहिनी, शास्त्रीय प्रश्नाला शास्त्रीय उत्तर," ते म्हणाले. "चुंबक फिरवायचं, सुई आपोआप वर येईल. पाच मिनिटांचं काम."

गोधडी त्यांनी लोखंडी कपाटाच्या दारावर टांगली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. शास्त्रीय माणसाने लोखंडी कपाटावर लोहचुंबक का न्यावं, हे मला अजून समजलेलं नाही. खाडकन आवाज झाला आणि चुंबक, मध्ये गोधडी आणि मागे कपाट असे तिघे एकमेकांना घट्ट धरून बसले. पानासाहेबांनी ओढलं. यांनी ओढलं. काकू दारातून "वाकडं करून ओढा" म्हणाल्या. शेवटी पाना कामाला आला. चुंबक सुटलं तेव्हा गोधडीच्या मधोमध, फिकट पिवळ्या तुकड्यावर, काळ्या ग्रीसचा हा एवढा गोल उमटला होता. आणि चुंबकाला सापडलं काय? कपाटाच्या वरची एक टाचणी आणि काकूंच्या केसातला आकडा.

"म्हणजे आत सुई नाही," पानासाहेब म्हणाले.

"खात्रीने?"

"खात्रीने असं..." त्यांनी पाना खिशात घातला. "सुई पितळेची असली तर चुंबकाला लागत नाही." पितळेची सुई मी जन्मात पाहिलेली नाही. पण शंका घालून ते निघून गेले, आणि मी गोधडी धुवायला घेतली. तीन वेळा धुतली. डाग करडा झाला, तिथेच थांबला. काकूंनी गॅलरीतून विचारलं, "ओली केलीस? आता सुई आत गंजेल हं." मी दोरीवर ओली गोधडी टाकून तिच्याखाली तशीच बसून राहिले. गंजलेली सुई माझ्या नातीच्या पाठीत टोचल्याचं चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

गुरुवारी मी एक्स-रे काढायचं ठरवलं. हसू नका. माणसाच्या पोटात गिळलेलं नाणं दिसतं, तर गोधडीतली सुई दिसायला काय हरकत आहे? एक्स-रेच्या खिडकीवर एक चष्मेवाली मुलगी बसली होती. कागदावरून मान वर न करता तिने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"पेशंट नाही. गोधडी आहे."

"नावाशिवाय नोंद होत नाही."

मला राग यायला हवा होता. पण तीस वर्षं मीही खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे. जन्मतारखेच्या रकान्यात "पूर आला होता त्या वर्षी" असं लिहिणाऱ्या एका आजोबांना मी तीन वेळा परत पाठवलंय. रकाना हा रकाना असतो.

"गोधडी," मी म्हणाले.

"आडनाव?"

मी आमचं आडनाव दिलं.

"वय?"

"तीन महिने."

आता तिने मान वर केली. "लहान पेशंटला पालकांची सही लागते. तुमचं नातं?"

"आई," मी म्हणाले, आणि सही केली. त्या वेळी ते मला अजिबात खोटं वाटलं नाही.

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

चिठ्ठी नव्हती. मी तशीच आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक गोधडीच्या एक्स-रेची, दुसरी माझ्या गोळ्यांची. मी पहिली घेऊन परत गेले.

आत मशीनवरचा माणूस कामाचा होता, पण त्याने गोधडीला हात लावला आणि म्हणाला, "पेशंट ओला आहे." मी म्हटलं, दमट आहे. गोधडी उलगडून फिल्मच्या चौकटीत मावेना, म्हणून घड्या घालाव्या लागल्या. तो पडद्याआड गेला आणि सवयीने ओरडला, "अजिबात हलायचं नाही!" कुणी हललं नाही. बाहेर बाकावर दोघेजण प्लास्टरातला पाय आणि प्लास्टरातला हात घेऊन बसले होते. मी घडी छातीशी धरून बाहेर आले, तेव्हा पायवाल्याने आपुलकीने विचारलं, "काय निघालं?"

निघालं ते कागदावर असं: सुई आढळून येत नाही. तथापि घड्यांमुळे पूर्ण खात्री देता येत नाही. लक्षणांनुसार पडताळून पाहावे.

त्या "आढळून येत नाही"ला दुसरं कुणी फसलं असतं, मी नाही. "तथापि" माझ्या रोजच्या वापरातला शब्द आहे. जिथे आपल्याला नक्की माहीत नसतं आणि उद्या काही झालं तर अंगावर यायला नको असतं, तिथे आम्ही "तथापि" लिहितो. मी स्वतः हजारो लिहिले असतील. हे म्हणाले, "अगं, नाही म्हणालेत ना ते!" मी म्हटलं, ते तथापि म्हणालेत. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तरी या शब्दाचं वजन यांना समजलेलं नाही.

त्यानंतर एकच उपाय उरला होता, आणि तो मला मंगळवारपासून माहीत होता. नुसता तोंडावर आणत नव्हते, इतकंच.

शुक्रवारी मी पूर्ण रजा टाकली आणि गोधडी उसवायला बसले.

शिवणारे लोक उसवण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. टाका घालताना जेवढं लक्ष द्यावं लागतं तेवढंच काढताना द्यावं लागतं, फक्त हातात काही येत नाही. माझे टाके बारीक होते आणि त्याचा मला अभिमान होता. शुक्रवारी मला त्या बाईचा भयंकर राग आला जिने इतके बारीक टाके घातले होते. काकू सोबतीला म्हणून येऊन बसल्या आणि "किती सुंदर होती गं" असं होती, होती करत राहिल्या. दुपारी मुलाचा फोन आला. "आई, गोधडी झाली का? नसेल तर टेन्शन घेऊ नकोस. आम्ही एक ब्लँकेट मागवलंय, एकदम सॉफ्ट आहे." मी "हो का, बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवून पदर भिजेपर्यंत रडले. काकूंनी पाणी आणून दिलं. त्या वाईट नाहीत.

चार वाजता तिन्ही थर वेगवेगळे जमिनीवर पडले होते. मी प्रत्येक थर झटकला, उजेडात धरला, इंच इंच चाचपला. दोऱ्यांचा ढीग विंचरून बघितला.

सुई नव्हती.

हे इतका वेळ पेपर डोळ्यांसमोर धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. शेवटी पेपरामागूनच म्हणाले, "अगं, ती सुई... जरा जाड नाकाची होती का?"

"का?"

"नाही, सहज."

"अहो, का?"

पेपर खाली आला. "मंगळवारी दवाखान्यातून आल्यावर सगळ्यांना बातमी द्यायची होती आणि फोनला रेंज येईना. ते सिम काढून परत घालावं लागतं ना, त्या भोकात टोचायला पिन मिळेना. तुझ्या उशीत एक होती."

"मंगळवारपासून तुम्ही माझ्याबरोबर पलंगाखाली सुई शोधताय!"

"सुई शोधत होतो," हे म्हणाले. "मी घेतली ती पिन म्हणून घेतली होती. दोरा काढून टाकला होता गं तिचा, म्हणून डोक्यातच आलं नाही." आणि त्यांनी टीव्हीमागून फोनचा रिकामा खोका काढला, उघडला आणि बारावी सुई माझ्या तळहातावर ठेवली.

मी ओरडले नाही. मला वाटलं होतं मी ओरडेन, यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते दोन पावलं मागे सरकले. पण ओरडायला आतून काहीतरी जोर लागतो. मी सुई उशीत टोचली, मोजल्या, बारा भरल्या, झाकण लावलं. हे म्हणाले, "चहा टाकू?" त्यांनी टाकला आणि तो निवून गेला.

शनिवारी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. माझ्या पिशवीत तीन वेगळे थर होते. का नेले, माहीत नाही. रिकाम्या हाताने जायचं धैर्य नव्हतं बहुतेक. मुलगा सुटकेच्या कागदांसाठी खाली गेला होता, हेही त्याच्यामागे सटकले. खोलीत सून पलंगावर उशीला टेकून बसली होती. पाळण्यात बाळ झोपलं होतं, पिवळ्या बदकांच्या ब्लँकेटमध्ये. ब्लँकेट खरोखर मऊ होतं. मी बोट लावून बघितलं.

"आई, आणली?" सुनेनं विचारलं.

मी वाटेत तीन-चार कारणं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना, म्हणून खरं सांगितलं. अकरा सुया, चुंबक, डाग, एक्स-रे, तथापि, सगळं. पिशवीतून थर काढून तिच्या मांडीवर ठेवले. ती मध्ये एकदाही हसली नाही.

"म्हणजे सुई आत नव्हतीच?"

"नव्हती."

"एक्स-रेतही दिसली नव्हती?"

"नव्हती."

"तरी उसवलीत?"

"हो."

तिने वरचा थर हातात घेतला. टाके गेले होते, पण त्यांची बारीक भोकं ओळीने राहिली होती. त्यांवरून ती बोट फिरवत राहिली आणि एकदम रडायला लागली. मी घाबरले. "अगं, रडू नकोस," मी म्हणाले, "मी पुन्हा शिवते. आता हात बसलाय, दोन महिन्यांत होईल."

"त्याचं नाही, आई." तिने नाक पुसलं. "मी मंगळवारपासून झोपलेच नाहीये. मी हिचे श्वास मोजते. मोजायचं थांबलं की वाटतं, तोही थांबेल. सगळे म्हणतात, काही होत नाही, झोप तू. नर्ससुद्धा हसली. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

चार वर्षांत ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. काही होत नाही, असं माझ्याही तोंडावर आलं होतं. पण आठवडाभर मी ते वाक्य उठता बसता ऐकलं होतं आणि त्याने माझं काडीचंही भलं झालं नव्हतं. मी खुर्ची पाळण्याजवळ ओढली आणि चष्मा पुसला.

"आत्ता किती झाले?"

मी थट्टा करते आहे का, हे तिने नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "एकशे सत्तर."

"बरं. एकशे एकाहत्तरपासून मी धरते. तू पड."

ती आडवी झाली. यांच्या पायजम्याचा तुकडा तिच्या मुठीत तसाच होता. तीनशेच्या आत तिला झोप लागली. खरी झोप, तोंड किंचित उघडं ठेवून लागते तशी. थोड्या वेळाने मुलगा आणि हे कागद घेऊन दारात आले. बाराच्या आत खोली सोडायची होती. "चला, निघायचं ना?" हे नेहमीच्या आवाजात म्हणाले. मी पाळण्यावरची नजर न काढता हात वर केला.

"पाचशे चौदा," मी म्हणाले. "पाचशे पंधरा."